बदलीचं इंजिन आणि गोजराबाईंचा तवा

मी बदलीचं इंजिन बोलतोय. बदलीचं, म्हणजे ज्याला कुणी हौसेनं आणलं नाही असं. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. आणि मी ज्याच्यावर जळलो तो माझ्याच मापाचा, माझ्यासारखाच घडलेला होता.

पनवेलच्या एका दूधवाल्याकडे मी पाच वर्षं दुधाचे कॅन ओढले. एक दिवस त्याच्या मोटारसायकलची चौकट ट्रकखाली चेपली, मी तेवढा वाचलो. दूधवाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. मग बेलापूरला कमळाकर मेस्त्रीच्या गॅरेजात टायरांच्या ढिगामागे पडून राहिलो.

१९८० साली करावे गावचे हिरामण पाटील आपली छोटी मोटारसायकल ढकलत तिथे आले. नव्या शहरासाठी त्यांचं भातशेत गेलं, त्याच्या भरपाईतून त्यांनी ती घेतली होती. शेतातून उरलेली तेवढीच वस्तू. तळोज्याच्या कंपनीतून नोकरीचं पत्र आलं, त्या दिवशी आनंदाच्या भरात ते पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं विसरले आणि तिच्या मूळ इंजिनाचा, म्हणजे पहिल्याचा, पिस्टन वाटेतच जाम झाला.

"माजीच चूक हाय," पाटील म्हणाले. "याला भंगारात नाय टाकनार."

"टेन्शन घेऊ नका," कमळाकर म्हणाला. "याचा पिस्टन मागवतो. तोवर हे बदलीचं बसवू. पिस्टन आला की जुनं परत."

तोवर. हा शब्द माझ्या मनात जो बसला तो कायमचा.

मी चौकटीत नीट बसेना. बोल्टची भोकं अर्धं सूत मागेपुढे होती. कमळाकरनं कानशीनं ती लांबट केली, वॉशर घातले, चेन सरळ करून घेतली. "जरा थरथरेल," तो म्हणाला. पाटलांनी किक मारली, मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो. कौतुकाचा एक शब्द नाही. पहिला मात्र गोणपाटात गुंडाळून माझ्याच कॅरिअरवर चढला आणि मी त्याला घरी वाहून नेलं.

तो पडवीत गोणपाटावर बसला. पाटील दर रविवारी त्याला रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे. दसऱ्याला मोटारसायकल धुऊन हँडलला हार घालायचे, पण झेंडूचं एक मोठं फूल आत त्याच्यावर ठेवायचे. चालत मी होतो, फूल त्याला. माझा जीव नुसता तडफडायचा.

पण मला खरं लागलं ते तव्याचं. पूर्वी मिठागराच्या बांधाजवळच्या वळणावर पहिल्याचा आवाज आला की पाटलांच्या घरधनीण गोजराबाई तवा चुलीवर चढवायच्या. पाटील हातपाय धुऊन बसेपर्यंत तांदळाची भाकरी फुगलेली असायची. माझा आवाज ऐकून त्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "कोन आयला?"

रोज तेच. मी त्या वळणावर मुद्दाम जोर लावून वाजायचो. तरी, "कोन आयला?"

कधी थांबलं ते आठवत नाही. एका संध्याकाळी आम्ही दारात पोचलो तेव्हा तवा तापलेला होता. त्यांनी माझा आवाज ओळखला होता. त्यानंतर पडवीतल्या त्या बसक्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

१९८३ च्या दसऱ्याआधी, तीन वर्षं रखडलेला पिस्टन अखेर आला.

कमळाकर घरी आला आणि अर्ध्या तासात त्यानं मला उतरवलं. पडवीतल्या त्याच गोणपाटावर मला ठेवलं आणि पाटील म्हणाले, "हा आता भंगारवाल्याला देऊ." पहिला दिमाखात चौकटीत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटील कामावरून आले. चूल थंड होती.

"काय गो, आवाज नाय आयकला?"

"आयकला," गोजराबाई म्हणाल्या. "मना वाटला दुसऱ्या कोनाची गारी. आपली असा नाय वाजत."

आपली! तीन वर्षं मी ज्यासाठी वाजलो, तो शब्द मी चौकटीतून उतरल्यावर आला.

रविवारी भंगारवाला आला. गोजराबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "याला नाय देनार. तीन वरसा यानं तुमाला कामावं नेला."

तेव्हापासून मी इथेच आहे. नव्या पिस्टनमुळे बदललेला पहिल्याचा आवाजही गोजराबाईंनी आठ-दहा दिवसांत ओळखला. हल्ली तो बांधावर आला की तवा चढतो आणि मी अजून जळतो. तुमच्याही घरी 'तोवर' म्हणून आणलेलं काही असेल, तर ते चालतंय तोवरच त्याला आपलं म्हणा. उतरल्यावर ऐकायला फार जड जातं.

आज दसरा आहे. गोजराबाईंनी माझ्यावर झेंडूचं मोठं फूल ठेवलंय. पहिला बाहेर अंगणात उभा आहे, आणि त्याला फूल दिसेल इतकं पडवीचं दार उघडं आहे.