सत्यभामाबाईंची कवळी, अंजनीचं तोंड

मी कवळी बोलतेय. हो, दातांचीच. नाक मुरडू नका. उद्या तुमच्याही तोंडात माझी एखादी बहीण येईल, तेव्हा बोलू.

जबलपूरच्या सदर बाजारातल्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. गुलाबी टाळू, वरचे पुढचे सहा दात आणि दोन्ही बाजूंना तारेचे आकडे, एवढाच माझा देह. सत्यभामाबाईंच्या तोंडाचा साचा घेऊन मला घडवलं. त्यांचे यजमान तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे खर्च सरकारनं दिला. बाई माझी फार काळजी घ्यायच्या. माझ्या जिवावर त्यांनी सुपारीसुद्धा खाल्ली.

शेवटी बाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं करायला गढा वस्तीतली अंजनी येऊ लागली. तरणीताठी बाई, पण बोलताना तोंडावर पदर. तिला वरचे पुढचे दातच नव्हते.

तिच्या जबड्यात गाठ झाली होती. गरिबांच्या सरकारी कार्डावर ऑपरेशन फुकट झालं. गाठ गेली, सोबत दातही गेले. दात बसवून द्या म्हटलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला की कार्ड इस्पितळात भरती होणाऱ्यासाठी आहे, दात म्हणजे नुसती शोभा. शोभा म्हणे! त्या मेल्यानं स्वतःचे दात उपटून एकदा नोकरी मागायला जावं.

अंजनी गेली होती ना. शाळेत म्हणाले, पोरं भितील. साडीच्या दुकानात म्हणाले, गिऱ्हाईक पळेल. खानावळीत तर मालकानं तिला भिकारीण समजून ताटच पुढं सरकवलं. राहता राहिल्या आमच्या बाई, त्यांना धड दिसत नव्हतं म्हणून.

बाई गेल्या. तेरवीला त्यांच्या वस्तू वाटल्या. सून शैलजानं अंजनीला लुगडं दिलं, चपला दिल्या आणि कागदात गुंडाळून मलाही दिलं. घरात ठेवायला नको आणि फेकायला मन होत नाही, असा तो दानधर्म. वर म्हणाली, "तुझ्या कामी येईल. नाहीतर ग्वारीघाटला नर्मदेत सोडणारच होतो."

मला शिसारी आली. मेलेल्या माणसाचं लुगडं धुऊन नेसता येतं हो, दात कसे घालायचे? पण अंजनीनं मला कपाळाला लावलं. बाईंचा आशीर्वाद म्हणाली. मिठाच्या पाण्यात धुतलं, पकडीनं माझे आकडे वाकवले आणि डोळे मिटून मला तोंडात बसवलं. दुसऱ्याचा जोडा पायाला लागतो, इथं तर तोंड होतं.

त्या तोंडानं तिला नोकरी मिळाली. तीही कुठं? एका खाजगी इस्पितळात, वॉर्डातली आया म्हणून. दारावर ही मोठी पाटी, इथं गरिबांचं कार्ड चालतं. मॅनेजरनं तिला हसून दाखवायला सांगितलं, बैल घेताना दात बघतात तसं. मग म्हणाला, "ठीक है. मरीजों से हँस के बात करना."

ती हसते. आणि माझी तार रोज तिच्या जबड्यात रुतते, नेमकी जिथून गाठ काढली तिथंच. मला कळतं, रक्ताची चव मलाच आधी लागते. संध्याकाळी ती मला काढते तेव्हा तिची आई भानुमती तोंड फिरवते.

"काहून घालून राहिली ते?" आई विचारते. "फेकून दे ना."

"फेकलं तर नोकरी जाईन, आई."

परवा तिनं धीर करून वॉर्डाच्या डॉक्टरला तोंड दाखवलं. माणूस वाईट नव्हता. बॅटरीचा उजेड पाडून त्यानं बराच वेळ पाहिलं, मला परत घालू नको म्हणाला, स्वतःच्या मापाची करून घे म्हणाला. अंजनीनं विचारलं, कार्डावर होईल का? त्यानं खांदे उडवले.

"दाँत कार्ड में नहीं आते. अभी घाव छोटा है, कार्ड पे इसका भी कुछ नहीं होगा. गाँठ बन जाए तो भरती कर लेंगे, फिर सब फ्री है."

थू! तोंड माझं असतं तर तिथंच थुंकले असते. जे दात मागितले ते मिळत नाहीत, आणि त्यांच्यावाचून होणारी गाठ मात्र फुकट मिळते. वर म्हणायचं, गरिबांना काम नको असतं.

अंजने, ऐक माझं. मी मेलेल्या बाईची आहे, मला काढ आणि दे त्या नर्मदेत सोडून.

ती ऐकत नाही. दारात स्ट्रेचर आलं आहे, त्यावर एक म्हातारी हातात कार्ड धरून भेदरलेली. अंजनी आतलं रक्त गिळते, जिभेनं मला वर दाबते आणि हसते.

"आइए अम्मा. डरो मत, यहाँ सब फ्री है."