झाकणाआडची अकरा वर्षं

मी मोटरसायकलच्या इंजिनातलं पॅकिंग बोलतोय. चोखंदळ माणसं मला गॅस्केट म्हणतात, म्हणोत बापडी. माझी जात कागदाची, जाडी पोस्टकार्डाएवढी, पण काम ऐकाल तर तोंडात बोट घालाल. इंजिनाच्या उजव्या अंगाला क्लचचं मोठं झाकण असतं. ते झाकण आणि इंजिन यांच्या मधे मी बसतो आणि आतलं तापलेलं तेल बाहेर जाऊ देत नाही. धातूवर धातू कितीही आवळा, तेल वाट काढतंच. मधे कागदच लागतो!

मला बसवलं मिस्त्रींनी. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणते. गाडी मात्र त्यांच्या बायकोची, म्हणजे नर्सबाईंची. डोंगरावरच्या वस्त्यांवर बाळंतपणाला त्या याच गाडीवरून जातात. "गाडी हिची, इंजिन माझं," असं मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

अकरा वर्षं मी अंधारात होतो. चढ लागला की तेल तापायचं, उतार लागला की निवायचं. जाताना बाई घाईत असायच्या आणि येताना सावकाश, एवढं मला थरथरीवरून कळायचं. पण मी सांभाळतो ते इंजिन दिसतं कसं, हे काही ठाऊक नव्हतं; बसवलं तेव्हा काही उमगायच्या आत झाकण लागलं होतं. ज्याला इतकी वर्षं कवटाळून बसलो, त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मग मी वाळलो. खालच्या कोपऱ्यात कडक झालो आणि तेल झिरपू लागलं. आधी थेंब थेंब, मग बाईंचा बूट भिजायला लागला, शेवटी मागच्या टायरवर तेल उडायला लागलं. लाज वाटली हो मला! उताराला चाक घसरलं असतं, तर पाप कोणाच्या माथी?

त्यातच डोंगरापलीकडे एक पोर पहिलटकरीण होती, आणि बाळ पायाळू. दिवस भरले होते. त्या वाटेला दुसरं वाहन चढत नाही.

"अहो, दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेऊ या," बाई म्हणाल्या.

"परक्या हाताला मी झाकण उघडू देणार नाही."

"आणि तुमचे हात?"

मिस्त्रींनी हात पाठीमागे घेतले. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरत होते. पाना धरला की निसटायचा.

"मग मीच करते," बाईंनी पदर खोचला. "तुम्ही नुसतं सांगा. सांगायला तर तुम्हाला लहानपणापासून आवडतं."

रविवारी दुपारी मागच्या अंगणात काम सुरू झालं. तेल परातीत उतरवलं. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला. जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर तिथेच खोचायचा, कारण काही लांब असतात, काही आखूड. शेवटचा बोल्ट निघाला, बाईंनी लाकडी हातोडीने हळूच ठोकलं, आणि झाकण सुटलं.

अहाहा! काय सांगू तुम्हाला! उजेड आत आला आणि मी पहिल्यांदा पाहिलं. दातात दात घालून बसलेली चाकं, क्लचच्या एकावर एक रचलेल्या चकत्या, सगळं तेलानं सोन्यासारखं चमकत होतं. एवढं मोठं राज्य आणि त्याची राखण माझ्यासारख्या कागदाकडे! मी थक्कच झालो.

"पॅकिंग अख्खं निघालं पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "हे मॉडेल कधीच बंद झालंय, दुकानात मिळत नाही. याच्यावरूनच नवं कापायचंय."

बाई रॉकेल लावून, पातळ ब्लेड फिरवत मला सोडवू लागल्या. किती हळुवार! पण मिस्त्रींना धीर धरवेना. "ओढ ओढ, सुटलंय ते," म्हणत त्यांनी स्वतःच कोपरा धरून खेचला. हात थरथरला आणि मी फाटलो.

"चालतंय," मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले. "पूस आता, पुढचं बघू."

बाईंनी पुसलं नाही. त्यांनी मला वर्तमानपत्रावर पसरलं आणि बोटाने माझ्या कडेकडेनं फिरू लागल्या. असं मला कोणीच कधी पाहिलं नव्हतं.

"नखाएवढा तुकडा कमी आहे."

"पडला असेल कुठे. जुना कागद तो!"

"अहो, बाळापाठोपाठ वार पडते ना, ती मी दर वेळी अशीच पसरून बघते. एक तुकडा आत राहिला तर बाळंतीण हातची जाते. मला नका सांगू 'चालतंय'."

मग शोध सुरू झाला. परातीत नाही, फरशीवर नाही, चाकांत नाही. बाईंनी झाकण उलटं करून उन्हात धरलं. तेल ज्या बारीक भोकातून इंजिनाच्या पोटात जातं, त्या भोकात मी होतो. म्हणजे माझा तुकडा होता. चिमट्याने त्यांनी तो अलगद उपसला.

मिस्त्री फरशीवर बसून ते भोक बघू लागले. "तेल अडलं असतं. भर चढावर इंजिन जाम झालं असतं... चूक माझी गं. घाई केली मी."

"उठा आता," बाई म्हणाल्या. "कागद कोण धरणार?"

त्यांनी दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने माझा तुकडा जागेवर जोडला आणि मला कोऱ्या पॅकिंग कागदावर ठेवलं. मिस्त्रींनी दोन्ही तळवे माझ्यावर दाबले. इतक्या वर्षांनी ते हात पुन्हा माझ्यावर! दाबून धरल्यावर ते थरथरत नव्हते. बाई माझ्या कडेनं ब्लेड फिरवत गेल्या, आणि पाहता पाहता माझ्याच अंगाचं, कोरं करकरीत पॅकिंग कागदातून बाहेर आलं. मी बघतच राहिलो.

ते बसलं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत बाईंनी झाकण लावलं. तेल भरलं. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली.

सोमवारी पहाटे निरोप आला आणि बाई गेल्या. मिस्त्री दिवसभर फाटकाशी उभे होते. जेवले नाहीत, शेजारच्याने हाक मारली तरी ओ दिली नाही. उन्हं कलल्यावर ओळखीचा आवाज आला. गाडी अंगणात थांबताच त्यांनी खाली कोरा पुठ्ठा सरकवला.

"तेल?" त्यांनी विचारलं.

"आधी बाळाचं विचारा की! मुलगी झाली. पायांनीच आली, पण रडली खणखणीत."

मिस्त्रींनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "आणि वार?"

बाई गाडीवरून उतरून त्यांच्याजवळ आल्या. "अख्खी," त्या म्हणाल्या. "पसरून बघितली."

पुठ्ठा कोरा होता. एक थेंब नाही.

आता मी अंगणाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, कोपऱ्यात पांढरी पट्टी मिरवत. गाडी निघाली की आत बसलेल्या माझ्या धाकट्याचं मला फार कौतुक वाटतं. त्याला अजून ठाऊक नाही तो काय राखतोय. एवढंच मागणं आहे, भिंत रंगवायला काढली तरी मला कोणी फेकू नये. तोही कधीतरी वाळेल, आणि तेव्हा त्या दोघांना माझ्यावर हात ठेवून पुन्हा नवं कापावं लागेल.