लंकाबाई नको

शिनोलीच्या साधनाने म्हाताऱ्या माणसांकडून शेतीची माहिती रेकॉर्ड करायचं काम घेतलं, तेव्हा संस्थेने तिच्या गळ्यात लिनक्सचा एक जुना लॅपटॉप मारला. सगळा कारभार काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने, सुदर्शनने, फोनवरून चार कमांड शिकवल्या आणि तेवढ्यावर तिने वर्षभर निभावलं.

चांगलं बोलणं ती ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. खोकला, कोंबड्या, तुटकी वाक्यं कापून त्याच नावापुढे ‘नको’ लिहिलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये. ‘लंकाबाई’मध्ये लंकाबाई दोन तास बोलली होती, कुठल्या खाचरात कुठलं भात लावायचं ते. गेल्या श्रावणात ती गेली. आज वर्षश्राद्धाला तिचा मुलगा सोमाजी भावकीला आईचा आवाज ऐकवणार होता.

तो यायच्या आधी जरा साफसफाई करावी म्हणून साधनाने पुसायची कमांड दिली आणि पुढे लिहिलं, लंकाबाई नको. ‘नको’ नावाचं काही सापडत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे काहीच पुसलं नाही, असं समजून तिने सुदर्शनला फोन लावला. नावाला अवतरणचिन्हं दिली होतीस का, त्याने विचारलं. नव्हती दिली.

“ताई, मधे जागा सोडली की त्याला ती दोन नावं वाटतात. ‘नको’ त्याला सापडलं न्हाई. ‘लंकाबाई’ सापडली, ती पुसली त्यानं.”

साधनाच्या मनात काय आहे ते कोंबडीलाही कळलं असतं, या मेल्या डब्याला कळलं नाही. दुसरी कॉपी नव्हती. मोबाइलमधलं मूळ रेकॉर्डिंग तिनेच कधीचं काढून टाकलेलं. सुदर्शनने तासभर खटपट केली, हाती काही लागलं नाही. साधनाला रडूही येईना.

सोमाजी स्पीकर घेऊन आला. तिने खरं ते सांगितलं. त्याला ते नीट उमगलं नाही.

“म्हंजी आईचं काईच न्हाई राह्यलं?”

‘नको’च्या फोल्डरमध्ये राहिलं होतं ते तिने लावलं. खोकला. कोंबडी हाकलली. पुन्हा खोकला. मग लंकाबाई दम घेऊन म्हणाली, “सोमाला सांग, वरच्या खाचरात...” आणि आवाज तुटला. तिथे साधनानेच कापलं होतं.

सोमाजी स्पीकरजवळ सरकून बसला.

“व्हय, आता पुढचं लाव की, ताई.”

साधनाने तेच पुन्हा लावलं.