डोरीनचा सोमवार

आमच्या सेनेका तळ्याच्या दोन्ही काठांना द्राक्षमळे आहेत. उन्हाळा लागला की शनिवार-रविवारी रस्त्यावर नुसत्या व्हॅनच व्हॅन. शहराकडची माणसं येतात, दिवसभर या मळ्यातून त्या मळ्यात वाइन चाखत फिरतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून परत जातात. त्यांना फिरवायला न पिणारं माणूस लागतं. डोरीन वॅन एटन ते काम करायची.

हिवाळ्यात ती शाळेची बस चालवायची आणि उन्हाळ्यापासून द्राक्षांची तोडणी संपेपर्यंत ही व्हॅन. साठीला टेकली होती. नवरा केव्हाच वारला होता, मूलबाळ नव्हतं. व्हॅनमध्ये चढताना डावा गुडघा रोज कुरकुर करायचा. दिवसभर मागे गाणी, हसणं, ओरडणं, आणि शेवटी कुणाला तरी ओकारी. मंडळींना हॉटेलवर सोडलं की ती अंगणात नळी लावून व्हॅन धुवायची. त्या आंबूस वासाने तिला जेवण जायचं नाही.

दारूशी तिचं जुनं वैर होतं. बाप मिठाच्या कारखान्यातून सुटला की थेट गुत्त्यात जायचा. धाकटा भाऊ लायल बापाच्याच वळणावर गेला. घरांची छपरं घालायचा, चांगला कारागीर होता, पण पिण्यापायी काम गेलं, बायको गेली. शेवटी इस्पितळात राहून सुधारला आणि पेन यान गावात डोरीनच्या घरी येऊन राहिला. त्याला कित्येक वर्षं झाली. गराजमध्ये लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि मंगळवारी चर्चच्या तळघरात आपल्यासारख्यांच्या बैठकीला जायचा. डोरीनने घरात खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचल्याशिवाय आणलं नाही. केकमध्ये घालायचा व्हॅनिलाचा अर्कही, त्यात दारूचा अंश असतो म्हणून, तिने मोरीत ओतून दिला होता.

टेकडीवरच्या एका लहानशा मळ्यात मार्गिट नावाची बाई वाइन ओतून द्यायला असायची. लग्न होऊन जर्मनीतून आली ती इथलीच झाली होती. एका जुलैत ऊन मी म्हणत होतं. डोरीन व्हॅनमध्ये काचा खाली करून बसलेली दिसली, तेव्हा मार्गिट बाहेर आली आणि म्हणाली, आत येऊन बस, आत गार आहे.

"मी पीत नाही," डोरीन म्हणाली.

"पी म्हणतंय कोण? बस म्हणतेय मी."

तेव्हापासून ती आत बसू लागली. गल्ल्याजवळ एक उंच स्टूल होतं, ते तिचं ठरून गेलं. गिऱ्हाइकं नाकं पेल्यात खुपसून पीच म्हणत, मध म्हणत. डोरीनला ती सगळी सोंगं वाटायची. तिने तसं एकदा मार्गिटला बोलून दाखवलं. मार्गिटने वाद घातला नाही. एका जुन्या बाटलीतली थोडी वाइन पेल्यात ओतून तिच्यापुढे सरकवली. पिऊ नकोस, नुसता वास घे आणि खरं काय ते सांग, म्हणाली.

डोरीनने वास घेतला. मग पुन्हा घेतला. तिला सांगायची लाज वाटली.

"रॉकेलचा येतोय," ती शेवटी म्हणाली. "खराब झाली असेल."

मार्गिट हसली. खराब नाही, आमची रीसलिंग द्राक्षाची वाइन जुनी झाली की तिला असाच वास येतो, ती म्हणाली. गिऱ्हाइकांनाही येतो, पण पैसे देऊन रॉकेल म्हणायला जीभ रेटत नाही.

त्या दिवशी डोरीनला उगीचच बरं वाटलं. परत येताना मागे बायका बेसूर गात होत्या, तरी तिच्या नाकात तो वास घुटमळत राहिला. तिच्या आजीच्या घरी रॉकेलची शेगडी होती आणि त्या खोलीत कुणी पीत नसे.

असं एक-दोन उन्हाळे नुसतं वासावरच चाललं. मग चाखून थुंकायचं. काउंटरवर त्यासाठी भांडं असायचंच. पहिला घोट तिला सपशेल आंबट लागला. तोंड वाकडं झालं. गोड वाइन बरी वाटायची, ती सरबतासारखी होती. एकाच बागेच्या वरच्या आणि खालच्या उताराची वाइन वेगळी लागते, असं मार्गिट सांगायची. ते तिला कित्येक दिवस थोतांडच वाटलं. मग एका दमलेल्या दुपारी, काही मनात नसताना, तिला तो फरक लागला. खालचीत सफरचंद होतं. वरचीला तळ्याकाठच्या ओल्या दगडाची चव होती. लहानपणी तिने आणि लायलने असे दगड पैज लावून चाटले होते. ही गोष्ट ती मार्गिटला सांगू शकली, घरी सांगू शकली नाही.

पुढे गोड वाइन तिला नकोशी झाली. ते कधी झालं ते तिला कळलंच नाही.

व्हॅन चालवायची असेल त्या दिवशी तिने थेंबभरही गिळलं नाही. पण सोमवारी सुट्टी असायची. एका सप्टेंबरात ती सोमवारी स्वतःच्या गाडीने टेकडीवर गेली. मार्गिटने विचारलं, आज थुंकणार का? डोरीन नाही म्हणाली. एक लहान पेला घेऊन खिडकीशी बसली आणि तो संपवायला तिने सारी दुपार घेतली. खाली मळ्यात तोडणी चालू होती. तिच्याकडे कुणाचं काही काम नव्हतं. पेला रिकामा झाल्यावरही ती बराच वेळ बसली, मगच गाडीला हात लावला. वाटेत तिने पुदिन्याच्या गोळ्या घेतल्या.

मग दर सोमवारी. पेला एकच, त्याच्या वर कधी नाही. घरी लायलला ती सांगायची, दुकानात गेले होते, टायर दाखवायला गेले होते. खोटं बोलायचा तिला कंटाळा यायचा. पण खरं सांगायला त्याहून जास्त बळ लागलं असतं आणि तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी लायलने मिठाच्या पाण्यात बटाटे उकडले होते, सॉसेज परतली होती. दोघं जेवायला बसली. तो लोणी फासता फासता म्हणाला, "बाकी काही पितेस की नुसती वाइनच?"

डोरीनने घास खाली ठेवला. मार्गिटकडे गेले होते, कपड्यांना वास लागला असेल, म्हणाली.

"डोरी, ही थाप मी आईला मारलेली आहे."

ती काट्याने बटाटा कुस्करत राहिली.

"आणि त्या गोळ्या," तो म्हणाला. "मी खिसा भरून घेऊन हिंडायचो. वाटायचं, कुणाला कळत नाही. आज समोर बसून बघितलं तेव्हा कळलं, तुम्हा सगळ्यांना काय वाटत असेल."

"सोडून देते मी. तसं त्यात विशेष काही नाही."

"विशेष नाही तर लपवलंस कशाला?"

ती हळूच म्हणाली, "सगळा आठवडा मी लोकांची मजा वाहून नेते, लायल. नंतर ती धुऊन काढते. तो एक पेला तेवढा मी सावकाश पिते. बाकी काहीच सावकाश होत नाही."

लायलने ताट उचलून मोरीत ठेवलं आणि तो पिकअप घेऊन निघून गेला. डोरीन खिडकीशी बसून राहिली. फोन करावा असं वाटलं, केला नाही. इतक्या वर्षांचं त्याचं सावरणं आपल्या एका पेल्यापायी गेलं, असं तिच्या मनाने घेतलं. हा तर तिचा जुनाच धंदा होता. आधी बापाची वाट बघायची, मग भावाची. त्याचा शीण हाडांत असतो, तो नुसता पुन्हा वर आला.

तो आला तेव्हा ती दारातच उभी होती. त्याने आपण होऊन तोंड तिच्याजवळ नेलं आणि श्वास सोडला. कॉफीचा वास होता.

"ओट्टोकडे गेलो होतो," तो म्हणाला. ओट्टो म्हणजे बैठकीतला म्हातारा, लायलला सुरुवातीपासून त्याचाच आधार होता. "तू विचारणार नाहीस, हुंगणार. म्हणून सांगून टाकतो."

डोरीनला रडू आलं नाही. ती जाऊन झोपली.

काही दिवस दोघं कामापुरतंच बोलली. पुढचा सोमवार ती घरीच राहिली, कपाटं आवरली, लायलला उगाच ओरडली. त्याच्या पुढच्या सोमवारी लायल कोट घालून तिच्या पुढ्यात उभा राहिला. त्याने आपलं म्हणणं एका दमात सांगितलं, बहुतेक आधीच पाठ केलं असावं. घरात बाटली यायची नाही. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. त्या दिवशी गाडी तिने चालवायची नाही, तो सोडेल आणि तोच आणेल. आणि चव कशी होती ते त्याला सांगायचं नाही.

"तुला त्रास होईल," डोरीन म्हणाली.

"होईलच. पण तुझ्या टायरच्या गोष्टी ऐकून जास्त होतो."

टेकडीच्या पायथ्याशी त्याने तिला उतरवलं. ती सावकाश चढण चढून वर गेली. मार्गिटला तिने सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की आज भाऊ सोडायला आला होता. मार्गिटने काही न विचारता पेला भरला. आदल्या साली वसंतात थंडीने कोंब जळले होते, वाइन थोडीच झाली होती आणि ती चांगलीच आंबट होती. डोरीनला ती आवडली. पण खाली पिकअपमध्ये लायल बसलाय हे मनातून जाईना. पेला नेहमीपेक्षा लवकर संपला.

ती येऊन शेजारी बसली. लायलने तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी सुरू केली आणि आपल्या बाजूची काच अर्धी खाली केली. बाहेर बोचरं वारं होतं. काच का उघडली ते तिला कळलं. तिने काही न बोलता कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"पुढच्या सोमवारी मला उशीर होईल," तो म्हणाला. "यंत्राचे भाग आणायचेत."

"थांबेन मी," ती म्हणाली.

तळं संपून गावाचा रस्ता लागेपर्यंत तिला डुलकी लागली होती.