रविवारची थरथर

शनिवारी होडी थरथरत नसे. रविवारी थरथरे.

इंजिन तेच, पंखा फिरवणारा शाफ्ट तोच, पंखाही तोच. दादाने लागोपाठ तीन शनिवार इंजिन आणि शाफ्ट यांची जुळणी तपासली, बंदराबाहेर फेरी मारली आणि वहीत ‘ठीक’ लिहिले. तिन्ही रविवारी, शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला जाताना, धाकट्याचा चहाचा कप फळीवरून सरकत सरकत खाली पडला.

“होडीला काही झालेलं नाही, दादा. तुझे हात थरथरतात,” धाकटा म्हणाला.

दादाचे हात थरथरत, हे खरे होते. म्हणूनच ते वाक्य सोयीचे होते. होडीदुरुस्तीची शेड दोघांची. दादाने आता घरी बसावे, असे धाकट्याच्या मनात वर्षभर होते. आता त्याला पुरावा सापडला. चौथ्या शनिवारी दादाने शेडची किल्ली मुकाट्याने काढून दिली. भांडला असता तर मला बरे वाटले असते.

मी मधली. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेले. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, एवढे मला कळते.

रविवारी सकाळी, होडी पाण्यात असतानाच, मी दादाला इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन तबकड्यांचे बोल्ट काढायला लावले. तबकड्यांमधल्या फटीत त्याने मापाच्या पोलादी पातळ पट्ट्या सरकवल्या. वरची फट आणि खालची फट यांत फरक मिलिमीटरचा विसावा भाग. निर्दोष.

“आता शर्यतीआधी जे जे करतोस, ते एकेक कर,” मी धाकट्याला म्हटले. “प्रत्येक वेळी मोजायचं.”

“ताई, परीक्षा माझी की होडीची?”

“जो नापास होईल त्याची.”

त्याने डिझेल भरले. फरक तोच. शिडे चढवली. तोच. मग तो मागच्या टोकाला गेला आणि डोलकाठीला मागून धरणारी तार स्क्रू फिरवून आवळू लागला. बारा फेरे.

दादाने पट्टी सरकवली. हात थरथरत होते. पट्टी पहिल्याच खेपेला बसली. फरक आठपट.

“ही तार संध्याकाळी सैल करतोस?” मी धाकट्याला विचारले.

“करतो की. ताण ठेवून होडी बांधायची नाही, दादानेच शिकवलंय.”

धाकट्याने खिशातली शेडची किल्ली चाचपली, पण हात रिकामाच बाहेर आला.

“बरं, तार तर तार. पण हात थरथरतातच ना?”

“थरथरतात,” दादा म्हणाला. त्याने पट्ट्या पुसून डबीत ठेवल्या, डबी धाकट्यापुढे ठेवली आणि धक्क्यावर चढून घरची वाट धरली.

वहीत त्याच्या तीन ‘ठीक’खाली मी लिहिले: मागची तार आवळल्यावर होडीचा सांगाडा वाकतो, त्यामुळे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. तार सैल असताना दोष नाही. जुळणी करणाऱ्याच्या हातांचा संबंध नाही.