निरवांगीचं दूधभात खाणारं कुत्रं

निरवांगीत सकाळी दहालाच तात्याबांच्या शेततळ्याच्या खड्ड्याभोवती चारशे माणूस जमलं होतं. खड्ड्यात कुत्र्याचा जुना सांगाडा. काठावर हळदीचं पिवळं रिंगण, आणि रिंगणात तात्याबांची आठ वर्षांची नात सृष्टी. सोमवारी तिच्या पोटरीला मोकाट कुत्रं चावलं होतं. आज बुधवार.

"हे देवाचं कुत्रं!" हिंदुराव महाराज गरजले. "जल्मभर दूधभात खाल्ला, मांसाला शिवलं न्हाय. म्हणून ह्याच्या हाडाचं पाणी इष बाहेर वढतं. सात दिस रिंगण. सुई न्हाय, गोळी न्हाय. मधीच उठलं त्ये भुंकून मेलं!"

तळं खणताना हाडं निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तीन आठवड्यांपूर्वी, महाराज मोटारसायकलवरून प्रकटले होते. आता त्यांनी पोटरीवर हळद फासली, वर तांब्यातलं पांढुरकं पाणी ओतलं. हळद लालभडक झाली.

"निघालं इष!"

"येळकोट येळकोट!" गर्दी ओरडली.

"मला घरी जायचंय," सृष्टी म्हणाली.

"बस गं बाळा," तिची आई रेश्मा म्हणाली. तिचा हात रिंगणापर्यंत आला आणि थांबला.

जुन्या वस्त्यांच्या उत्खननाचं काम करणाऱ्या राजलक्ष्मीताई तहसीलमधून निरोप गेल्याने पुण्याहून हाडं पाहायला आल्या होत्या. त्या खड्ड्यात उतरल्या.

"दातांची टोकं तुटलीत, तात्या. दूधभातानं दात तुटतात का?"

मग फासळ्यांच्या मागून त्यांनी चिमट्याने सुपारीएवढं हाड उचललं. "हे कुत्र्याचं नाही. मेंढीच्या पायाच्या सांध्यातलं आहे. पोटातल्या आम्लानं कडा विरघळल्यात. म्हणजे ते याच्या पोटात होतं. जुन्या वस्त्यांतली कुत्री माणसांचं उरलंसुरलं खायची. भाकरी, आंबील, हाडकं. ज्वारी-बाजरीची खूण त्यांच्या हाडांतही उतरते. ती प्रयोगशाळेत कळेल. हे मात्र इथंच दिसतंय."

तात्याबांच्या वडिलांची मेंढरं होती. त्यांनी हाड तळहातावर फिरवून पाहिलं. "मेंढराचंच हाय."

"देवाला मेंढरू चालतंच की!" महाराज म्हणाले.

"मगाशी चालत नव्हतं, महाराज!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मग इष लाल कसं निगतंय? सांगा की बाई!"

हसू थांबलं. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "आजीचा पाय मुरगळला तवा आईनं हळद-चुना लावला. त्योबी असाच लाल झालता."

राजलक्ष्मीताईंनी स्वतःच्या मनगटाला हळद फासली आणि महाराजांचा तांब्या उचलून ओतला. मनगट लाल झालं. तांब्याच्या तळाशी चुन्याचा साका होता.

"मला कुठं कुत्रं चावलंय?"

त्या गर्दीत हळद-चुना न लावलेलं घर नव्हतं. रिंगणापाशी उभं राहिल्यावर ते एकालाही आठवलं नव्हतं.

तरीही रिंगण कुणी ओलांडेना. "आता उठवली आन काय झालं तर?" रेश्माने विचारलं.

"बसवून ठेवली तर होईल. कुत्रं चावून होणारा रोग एकदा दिसायला लागला की औषध नाही."

महाराजांना पहिला नारळ तात्याबांनीच दिला होता. त्यांनी एकदा लोकांकडे पाहिलं, रिंगणात पाय टाकला आणि नातीला उचललं. ती भुंकली नाही. आजोबांच्या गळ्यात पडून रडली.

इंदापूरच्या दवाखान्यात जखम साबणाने धुतली, लस टोचली, जखमेभोवती विषाणू तिथेच रोखणारी वेगळी सुई दिली. डॉक्टर म्हणाले, "सोमवारीच आणायची."

"व्हय," तात्याबा म्हणाले. त्यांनी पुढच्या तारखा लिहून घेतल्या. आणखी डोस बाकी आहेत.

महाराज दुपारीच निघून गेले.

कुत्रं चावलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. यात रिंगणाचं काही काम नाही.

सृष्टीच्या आधी पाच जण या रिंगणात सात दिवस बसून घरी गेले. एक सांगवीचा, एक कोऱ्हाळे बुद्रुकची बाई, एवढंच गावाला आठवतं. कुणी ओळखत असाल तर त्यांना आजच दवाखान्यात न्या. आपण बरे झालो असं समजून ते घरी बसले आहेत.