सुपरवायझर आले की चूप

आज दुपारी ‘टक’ आलं नाही. पहिल्यांदा खटकलं ते एवढंसंच.

मी हेडफोन बोलतोय. ससुलीच्या कानांवर बसणारा, तिच्या ओठांपाशी छोटासा माइक वाकवून धरणारा. बोलणं हे खरं तर माझं काम नव्हे. मी फक्त पोचवतो. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. पण आत्ता जे माझ्या कानी पडतंय ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून जमेल तसं सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याफटक उजेडाच्या दालनात झाला. तिथे एक बाई प्रत्येक नव्या हेडफोनमध्ये ‘हॅलो, हॅलो’ म्हणून बघायच्या. माझी पाळी आली आणि त्यांना जांभई आली. जगातला पहिला आवाज म्हणून माझ्या वाट्याला ती जांभईच आली, आणि तेव्हापासून मी थोडा पेंगुळलेलाच आहे. लांबून येणारा कुठलाही आवाज मला स्वप्नातल्यासारखा वाटतो. धुक्यातून कोणी चालत यावं तसा तो येतो, आणि अगदी जवळ आल्यावर कळतं, अरे, हा तर पाववाला!

मला विकत घेतलं मामांनी. शाळेत पीटीचे मास्तर होते ते. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण छाती काढून चालणं काही गेलं नाही. ससुली ही त्यांची भाची. कॉलेज झालं आणि घरातच बसली. हुशार आहे हो, पण भित्री. टोस्टरमधून पाव उडाला की त्याच्याबरोबर हीसुद्धा उडते. फोन वाजला तर तो वाजून वाजून दमेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत राहते. अनोळखी माणसाला आपण होऊन फोन लावणं तर तिला जमतच नाही. म्हणून मामा तिला ससुली म्हणतात.

“बोलायचं नाही काही,” माझा खोका तिच्या मांडीवर ठेवत ते म्हणाले होते. “नुसतं माझ्याबरोबर खेळायचं. तिकडे मला एकट्याला फार मार पडतो गं.”

तिकडे म्हणजे खेळात. पाण्याखाली गेलेलं एक शहर आहे. जिन्यांवर शेवाळ, खिडक्यांतून मासे, आणि सगळीकडे निळसर संधिप्रकाश. तिघांनी मिळून एकेक दिवा लावत पुढे जायचं. एकट्यानं ते होतच नाही. मामा त्यांच्या गावी, ससुली इथे आईकडे, आणि तिसरा तो पाववाला. त्याला आम्ही कोणीच कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा दूरच्या गावात त्याची बेकरी आहे. दुपारी भट्टी निवत आली की तो खेळायला बसतो, आणि बोलता बोलता काहीतरी कुरुमकुरुम खात असतो.

त्या शहरातल्या शत्रूंची मूळ नावं परकी होती, जिभेवर बसायची नाहीत. मामांनी सगळ्यांना सरळ शाळेत घातलं. एक बारकासा, काडीपैलवान शत्रू असतो. अंगात जोर नाही, पण आपल्याला पाहिलं की असा किंचाळतो की गल्लीबोळांतून बाकीचे धावत येतात. तो मॉनिटर. त्याला सगळ्यांत आधी गाठायचं, दुसऱ्या कोणाकडे बघायचंसुद्धा नाही. समोरून पोलादी, काही केल्या न हलणारा, तो हेडमास्तर. मामा त्याच्यासमोर ढाल घेऊन उभे राहणार, त्याला चिडवत बसणार, आणि ससुलीनं हळूच मागून जाऊन त्याच्या पाठीवर घाव घालायचा. फुगत फुगत जाऊन फुटणारे असतात, ते शिळे डबे. त्यांच्याजवळ जायचं नाही, लांबूनच पाववाल्यानं बाण मारायचा.

“जो तो आपापल्या खोडीनं मरतो,” मामा म्हणायचे. “आपण नुसतं खोड ओळखायची.”

आणि शेवटचे सुपरवायझर. उंच, आंधळे, हात पाठीमागे बांधून रांगेरांगेतून फिरणारे. त्यांना दिसत नाही, पण पाऊल जरी वाजलं तरी संपलं. त्यांच्याशी लढायचंच नाही. खाली बसायचं, हलायचं नाही, ते गेले की उठायचं. मामांचा यापुढचा एक नियम होता, तो मात्र त्यांचा स्वतःचा. सुपरवायझर आले की तिघांनी माइकसुद्धा बंद करायचे. खेळाला आपली बडबड ऐकू जात नाही, हे पाववाल्यानं त्यांना पुष्कळदा समजावून सांगितलं.

“मास्तर, ते खेळातले आहेत. तुमच्या खोलीतलं त्यांना कसं ऐकू जाईल?”

“तू परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला असशील,” मामा म्हणाले. “शिस्त म्हणजे शिस्त.”

मग “सुपरवायझर! चूप!” आणि लगेच ‘टक’, मामांचा माइक बंद. मागोमाग बाकी दोघांचे. मला ती वेळ फार आवडायची. माझ्या दोन्ही पेल्यांत नुसतं पाणी भरून यायचं, खोल कुठेतरी घंटा हलायची, आणि ससुलीचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. एरवी इतकी शांत ती कुठेच नसते.

आजही सुपरवायझर आले. मामा म्हणाले, “सुपर…” आणि थांबले. ‘टक’ आलं नाही.

पाववाला खाली बसला. ससुली खाली बसली. दोघांनी आपले माइक बंद केले. मामांचा खेळातला शिपाई फाटकापाशी तसाच उभा राहिला, पण हलला नाही, म्हणून त्या आंधळ्यांनी त्याला काही केलं नाही. पाठीमागे हात बांधून ते त्याच्या अगदी कडेनं निघून गेले. सगळे गप्प होते. मामाही गप्प होते. कोणाला वावगं वाटायचं कारणच नव्हतं. चुकलं ते तिथेच.

ते गेल्यावर पाववाल्यानं माइक लावला. “मास्तर, पेपर गोळा झाले! उठा आता.”

मामांचा शिपाई फाटकापाशीच.

“मामा?” ससुली म्हणाली.

तेवढ्यात हेडमास्तर आला. त्याच्यासमोर उभं राहायला मामा हवेत, तर मामा तिथेच पुतळ्यासारखे. त्यानं त्यांना एका फटक्यात आडवं केलं. एरवी मार बसला की मामा आख्ख्या शाळेचा उद्धार करतात. आज हूं नाही की चूं नाही.

“नेट गेलं असेल त्यांचं,” पाववाला म्हणाला.

नव्हतं गेलं. मामांचा माइक चालूच होता; त्यांची खोली माझ्यात येत होती. पंखा फिरत होता. नळ सोडलेला होता, पाणी भांड्यात न पडता नुसतं पडत होतं. ससुलीनं मला दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलं. तिच्या कानशिलाची नस माझ्या गादीवर आपटत होती.

“नेट नाही गेलं. दादा, मला पाणी ऐकू येतंय.”

“अगं, मग चहा ठेवायला उठले असतील.”

तिनं मामांना फोन लावला. एक रिंग तिच्या हातात वाजली आणि एका श्वासानंतर तीच रिंग माझ्यात, त्या दूरच्या खोलीत. दोन्ही वाजत राहिल्या. मामा तिथे असूनही नव्हते.

पाववाल्याचं खाणं थांबलं. “घरात आणखी कोण असतं?”

“कोणी नाही. खाली लॉन्ड्री आहे.”

“लाव मग तिथे.”

“मी? त्यांना मी ओळखत नाही.”

“मग तर बरंच आहे. परत कधी तोंड दाखवायला नको!” तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. “ससुले, लाव.”

तिनं लॉन्ड्रीचा नंबर शोधला. लावला. वाजला, वाजून बंद पडला. पुन्हा लावला, तेच. दुपारची वेळ, शटर खाली असणार. आई कामावर, तिचा फोन लागेना. मामांच्या गावात दुसऱ्या कोणाला ती ओळखतच नव्हती.

“माझा आवाज मला परत ऐकू येतोय,” ती एकदम म्हणाली.

“काय?”

“मी बोलते ते मामाच्या खोलीत वाजतंय आणि फिरून माझ्याकडे येतंय. त्याला हेडफोन सहन होत नाही ना, कान घामेजतात म्हणतो. शाळेतून काढून टाकलेले ते मोठे कर्णे लावतो.”

“ते गॅदरिंगचे? अख्ख्या मैदानाला पुरणारे?”

“हो.”

“मग वाट कसली बघतेस? ओरड!”

ती ओरडली. पण जन्मात कधी ओरडलेली नाही. आवाज माझ्यापर्यंत येईतो अर्धा झाला. “कोणी आहे का… प्लीज…” तो तिकडे गेला, पंख्याच्या वाऱ्यावर हेलकावत परत आला.

“कोण ऐकणार हे? माझी मांजरही उठायची नाही! पोटातून ओरड!”

आणि मग ती ओरडली. काय सांगू तुम्हाला! माझी तार शहारली. माझ्या एका पेल्याची कातडी सोलवटली आहे, वायरीला जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, मी काही आता नवा राहिलेलो नाही. अशा आवाजानं फाटून गेलो असतो तरी चाललं असतं. “मामा पडलाय! वर या! मास्तरांच्या खोलीत या कोणीतरी!” पुन्हा तेच. पुन्हा तेच. दर वेळी तिचा आवाज त्या अनोळखी जिन्यावरून, खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून भटकून आल्यासारखा परत येतो, आणि त्याच्याबरोबर कोणीच येत नाही.

ती अजूनही हाका मारतेय. तुमच्याशी बोलतोय ते मी तिच्या दोन हाकांच्या मधे बोलतोय. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा कोणी तुमच्याही कानांवर असेल. पलीकडचं माणूस गप्प झालं, तर ते नियमानं गप्प आहे असं धरून चालू नका. वेडे ठरलात तरी चालेल, एकदा हाक मारा.

थांबा. पाणी बंद झालं.

कोणीतरी नळ बंद केला. चपला वाजल्या. काहीतरी जड सरकलं, आणि एक बाई, धापा टाकत, माइकच्या अगदी जवळ आली. “अगं बाई, मास्तर! अहो, डोळे उघडा… हं, उघडले, उघडले. जिन्यातल्या कोणीतरी गाडी बोलवा रे!” मग तिचं तोंड आमच्याकडे वळलं.

“कोण गं तू ओरडतेस? आले मी. बोल.”